दोब्रिलासाठी स्वच्छ वीज

उझित्से, १९ फेब्रुवारी

चि. नेबोयशास,

बाबांचे आशीर्वाद. मी बरा आहे. लिंट्झला थंडी असेलच, छाती जपत जा.

आईच्या वर्षाचा विधी नीट पार पडला. थडग्यावर मेणबत्त्या लावल्या, साखर घातलेले शिजवलेले गहू वाटले. पाद्रीबाबांना पुढचं लग्न गाठायचं असावं, इतक्या घाईत त्यांनी प्रार्थना उरकली. तुला सुट्टी मिळाली नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

रविवारी मी तुझा फोन मध्येच ठेवला म्हणून तू रागावलास, असं झागोर्कामावशीकडून कळलं. त्याचं पुढे लिहितो.

आधी तू पाठवलेल्या त्या वीज सुधारणाऱ्या रीजनरेटरचं. बाप रे, काय वजन! दोन माणसांनी वर चढवला. पुस्तिकेत सांगितलंय तसा थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला आणि टेप व अँप्लिफायर त्याच्या पाठीत खोचले. संध्याकाळी सगळी इमारत शेगड्या लावते आणि वीज धापा टाकायला लागते, तुला माहीतच आहे. हा पठ्ठ्या ती मळकी वीज पोटात घेतो आणि नवी कोरी करून बाहेर देतो. पडद्यावर आत येणारा आकडा सारखा वरखाली होतो, बाहेरचा ढिम्म हलत नाही.

आई होती तेव्हाच टेपचा आवाज दबल्यासारखा वाटायला लागला होता. मी विजेला शिव्या द्यायचो. म्हणून तर तुझ्याकडे हे यंत्र मागितलं. वर्ष संपलं की पहिली तिच्याच गाण्याची टेप लावायची, तीही स्वच्छ विजेवर, असं ठरवलं होतं. सुतकाच्या घरात वर्षभर गाणं वाजत नाही. मी रेडिओसुद्धा लावला नाही. चाळिसाव्या दिवसाच्या विधीलाच मावशी म्हणाली होती, "भाऊजी, हळू आवाजात लावा हो. देव काय तुमचं मीटर वाचायला बसलाय?" मी म्हटलं, वर्ष म्हणजे वर्ष. मला त्या हट्टाचा अभिमानही वाटायचा.

विधी झाल्यावर यंत्र तापू दिलं आणि टेप लावली. स्वयंपाकघरात मिरच्या सोलताना ती गायची, ते गाणं टिपलेली, तीच. चाकं फिरत होती, काटे नाचत होते. मला मात्र भिंतीपलीकडे कुणीतरी खाट सरकवतंय, एवढंच ऐकू येत होतं. वाटलं, जोडणी चुकली. सगळं काढून पुन्हा लावलं, आवाज वाढवला, तरी तेच.

मागे वळलो तर खालची रादोय्का दारात उभी. बेल वाजवून वाजवून शेवटी तिने तिच्याकडची किल्ली लावली होती. पदराएवढा मोठा रुमाल तोंडाशी धरून रडत होती. मी विचारलं, काही ऐकू येतंय का? ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो भाऊ, दोब्रिला गातेय की. इथे उभी असल्यासारखी."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. वीज बरी होती, कान गेले होते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की नसा सुकल्यात, कानाच्या यंत्राने थोडा गलका ऐकू येईल, पण गाणं नाही. मी विचारलं, गेल्या वर्षी? त्यांनी लिहिलं, तेव्हा थोडं ऐकू आलं असतं.

बाळा, ते वर्ष मी तिच्यासाठी पाळलं, आणि तिचा आवाज त्यातच गेला. घर शांत आहे ते सुतकामुळे, असंच मी समजत राहिलो. फार वाईट वाटतं रे. रविवारी तू काय बोलत होतास ते मला कळतच नव्हतं, म्हणून फोन ठेवला.

यंत्र परत पाठवता का, असं विचारू नकोस. ते इथेच राहील. ईस्टरला ये. स्पीकरसमोर बस आणि टेप शेवटपर्यंत ऐक. गाता गाता ती एका ओळीवर हसते. कुठल्या, ते आता मला आठवत नाही. ती ओळ आली की माझा हात दाब.

फोन करू नकोस, पत्र लिही.

तुझी वाट पाहणारा,
बाबा