पंप बघायला गेलो होतो

आदरणीय थोरले बंधू चाकोच्चायन यांस, धाकट्या कुरुविळाचा येशूच्या नावाने नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींची साखर आणि रबराची झाडं, तिन्ही ताब्यात असतील. इकडे सर्व क्षेम. (हे सवयीने लिहिलं. क्षेम नाही.)

गेल्या महिन्यात चर्चमध्ये वाचन माझ्याकडे होतं. तिसऱ्या ओळीवर छाती अशी धडधडू लागली, की आता सगळ्यांदेखत मरतो. पुस्तक मिटून खाली बसलो. तेव्हापासून बाजारात, दुकानात, अगदी जेवतानाही तेच. हृदय तपासलं, निर्दोष निघालं. डॉक्टर म्हणाले, समुपदेशकाकडे जा. मग तर धडधड दुप्पट. विश्वासणाऱ्याला समुपदेशक? प्रार्थनासभेत राहेलाम्मा डोळे मिटून मोठ्याने म्हणणार, "प्रभो, आमच्या कुरुविळाचं डोकं ठिकाणावर आण," आणि आमेनच्या आत गावभर!

शोशाम्माला म्हणालो, पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग पुस्तकं वाचून शिकलो, मनाचंही शिकेन. तर बायको म्हणते, "जळकी मोटार स्वतःचं वाइंडिंग करताना पाहिलीय कधी?" फादरना विचारलं (दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून). ते म्हणाले, "एलिया संदेष्टा झाडाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवाने त्याला झापलं का? देवदूताहाती भाकर-पाणी पाठवलं. दूताला परत पाठवणारे आपण कोण? आणि त्या दुसऱ्या कुणाला सांग, जेवत जा म्हणावं."

शेवटी गुरुवारी तिरुवल्ल्याला समुपदेशन केंद्रावर गेलो, छत्री नाकापर्यंत ओढून. फाटकातून राहेलाम्मा बाहेर येत होती. तिचीही छत्री नाकापर्यंत.

"इकडे कुठे रे?"

"पंप बघायला."

"मी आपली... केळी द्यायला आले होते." (पिशवी नव्हती, सालही नव्हतं.)

पहारेकऱ्याने 'पंप' ऐकलं मात्र, नाव विचारून मला विहिरीवरच नेलं. पंप खरोखर बंद होता. वाइंडिंग शाबूत, पाइपाच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकलेला. काढला, पाणी चढवलं, आणि समुपदेशिकाबाई आभार मानायला आल्या तसा बस पकडून पळालो. पंपाशी धडधड आठवलीही नाही. बसमध्ये मात्र दांडा सोडवेना.

पुढच्या सभेत राहेलाम्मा माझ्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. मीही तिच्यासाठी मनातच प्रार्थना केली.

काळजी नसावी.

आपला धाकटा,
कुरुविळा

ता. क. : तिथे वेळ घेताना नाव तुमचं नोंदवलं होतं. फोन आला तर दचकू नका, तुम्ही ठणठणीत आहात.

आणखी ता. क. : येत्या गुरुवारी या. एकट्याने ते फाटक ओलांडवत नाही. कुणी विचारलं तर गुडघा दाखवायला आलोय म्हणा.

शेवटचा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी फोन करून नाव दुरुस्त केलं. बाई म्हणाल्या, "कुरुविळा? म्हणजे पंपवाले?" म्हटलं, नाही, पेशंट. तुम्ही याच. गुडघ्याचं निमित्त नको.