दुसरी बाही

प्रिय रंजीता,

तू रविवारी येणं बंद केल्यापासून आई दर रविवारी विचारते, "रंजीता काऊन येत नाई वो?" मी म्हणते, ड्यूटी असेल. आई म्हणते, "ड्यूटी तं तुलेही आहे." मग मी भांडी घासायला घेते.

पियुष पालथा पडतो आता. पुढे सरकायला जातो आणि मागे सरकतो, मग त्याचाच त्याला राग येतो. खालचे दात दिसायला लागलेत. प्रफुल सिरोंच्याहून सुट्टीवर आला की पियुष बापाला पाहून रडतो आणि तो निघाला की त्याच्या चपलेकडे हात करतो. तुला हे सगळं तोंडी सांगितलं असतं.

बाळंतपणाची रजा संपून मी रुजू झाले हे तुला ठाऊक आहे. तपासणी नाका मला मिळाला नाही, आतलं जंगलात पायी फिरायचं बीट मिळालं, तेही ठाऊक आहे. सकाळी पोराला आईजवळ देऊन निघते ती दिवस कलल्यावर परत. दुपारी फेरीत दूध भरून येतं. युनिफॉर्मचा शर्ट भिजायला लागला की मी एखाद्या सागाआड जाते आणि पिळून टाकते. सोबतचा वनमजूर मुखरू पुढे जाऊन उभा राहतो आणि खोकत राहतो, म्हणजे तो लांब आहे हे मला कळावं. मी उठेपर्यंत तिथे मुंग्या आलेल्या असतात.

नाका आईच्या घराच्या वळणावर आहे. दुपारी तिने पोराला कडेवर घेऊन यायचं, मी गाड्या तपासायच्या, मधे त्याला पाजायचं. आपण दोघींनीच हे ठरवलं होतं. तू म्हणाली होतीस, साहेबांशी मी बोलते, तू बाळंतीण, तू कशाला आत जंगलात जातेस. मी हो म्हटलं.

ते रविवार मला अजून आवडतात, हे लिहायला बरं वाटत नाही. तू खाटेवर लोकर घेऊन बसायचीस, बाबा ओसरीवर जाळं विणत बसायचे. तू मला सुया दिल्यास आणि मी पहिल्या ओळीतच प्रत्येक टाक्याला गाठ मारली. ढिवराच्या घरची मी, लहानपणापासून हाताला जाळ्याची गाठ तेवढी माहीत. तू हसत सुटलीस. "अवं, यात पोराले घालाचं आहे का मासोळ्या धराच्या आहेत?" बाबांना ते लागलं. "गाठ नाई मारली तं धरते कोन त्याले?" तू तुझ्या विणीचं टोक ओढलंस आणि ओळच्या ओळ सरसर निघाली. बाबा पाहत राहिले. तू गेल्यावर जेवतानाही म्हणाले, "एका वढीत जाते ते. असं कपडं लेकराले कोन घालते?"

तुझे हात चालू असले की मला बोलता यायचं. तू वर पाहायची नाहीस म्हणून असेल. तेव्हाच मी तुला हापशीचं सांगितलं. पोर झोपलं होतं, मी घागर घेऊन निघाले, पाणी भरलं, बायांशी बोलले, घागर डोक्यावर घेतली आणि मग आठवलं की घरात माझं मूल आहे. तेवढा वेळ ते मला नव्हतंच. प्रफुलला हे सांगितलं नाही, आईलाही नाही. तू म्हणालीस, "होते असं, मनावर नोको घेऊ," आणि टाके मोजत राहिलीस.

रुजू व्हायच्या दिवशी साहेबांनी मला बसायला सांगितलं. चहा मागवला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "नाक्यावर डोकं जागेवर लागते बाई, ट्रक येते, पास पाहा लागते. तुम्ही सध्या विसरून राह्यल्या ना. हापशीवर गेल्यावर आठवलं म्हने, घरी लेकरू आहे." मग म्हणाले, "जंगलात फिरा, मन मोकळं होईल. नाका रंजीताबाई पाहतील, त्या तयार आहेत." मी चहा प्यायले. उठताना थँक्यू सर म्हणाले. पोर्चमध्ये तुझी गाडी उभी होती, सीटवर लोकरीची पिशवी होती.

तू असं का केलंस ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. गेल्या बाजाराच्या दिवशी नाक्यासमोर चहा विकणारी गोकुळा भेटली. म्हणाली, "रंजीताबाईले सकाळी सकाळी उलट्या होऊन राह्यल्या. कोनाले सांगू नोको म्हने."

मागच्या वर्षी दिवस गेलेले असताना आतल्या फेरीत तुला रक्त जायला लागलं तेव्हा तुला मोटारसायकलवर मी आणलं होतं. माझ्या पाठीला तुझं कपाळ टेकलेलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तू माफी मागत होतीस. या वेळी तुला ते बीट पुन्हा चालायचं नव्हतं, हे तू मला सांगायला हवं होतंस. जगात कोणाला सांगता आलं असतं तर मला. मी नाका तुला दिला असता का? नक्की सांगता येत नाही. कदाचित पियुषकडे पाहून मी नाही म्हटलं असतं. तुला त्याचीच भीती वाटली असेल. पण ते हो किंवा नाही माझं होतं. तू ते मला विचारलंच नाहीस, आणि हापशीची गोष्ट तिथे नेऊन ठेवलीस.

तू अर्धवट टाकलेला स्वेटर मुखरूच्या हाती नाक्यावर पाठवते आहे. हे पत्र त्याच पिशवीत आहे. पियुषला तो आता होत नाही, तुझ्या बाळाला थंडीत होईल. अंग आणि एक बाही तुझी आहे. दुसरी बाही मी केली, बाबांच्या जाळं विणायच्या बांबूच्या सुईने, मला येते तशी. ती जाड झाली आहे, कदाचित टोचेल. काढायची असली तर काढ. पण ती टोक ओढून निघणार नाही. एकेक गाठ कापत बसावं लागेल.

तुझीच होते ती,
मयुरी