शेवंताचा जवाब

लाइपझिग,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,
शीतलचा सविनय जय भीम. वि. वि.

“जिचं नाव गाण्यात घ्यायचं, ती पातीत पायजे,” असं तू एकदा एका बाईला दटावलं होतंस. मी तेव्हा बांधावर बसून चिंचा खात होते. आज ते वाक्य आठवलं.

मागच्या श्रावणात तुम्ही बाया पात धरून, रांगेनं सोयाबीन खुरपताना मी तुझी गाणी रेकॉर्ड केली, ती आमच्या संग्रहालयात सगळ्यांना आवडली. आता ती इंटरनेटवर जगाला ऐकता येतील. मात्र इथला नियम असा, की गाणाऱ्याला पुढे त्रास होऊ नये म्हणून नाव-गाव काढायचं आणि नुसता नंबर द्यायचा. तुझं म्हणणं फोनवर नको, तुझ्या अक्षरात हवं. तीच परवानगी इथे धरतात.

तू दिलेल्या जवसाच्या चटणीवर हिवाळा निघतोय. गुडघ्याला तेल लावतेस, की नुसतं लावते म्हणून सांगतेस?

माया आहेच, ती अशीच कुटून पाठवत जा.
तुझी, शीतल

जवळा बाजार,
२ फेब्रुवारी

चि. शीतलला रुक्माआत्याचा आशीर्वाद आणि जय भीम.

तुजं पत्र भेटलं. तेल लावून राहिले. तू तिथं पोटभर जेव, चटणीवर लेकरू जगत न्हाई.

नंबराचं वाचून जिवाला लागलं. आपल्या आजा-आजीला गावानं धड नावानं कधी हाक मारली न्हाई. म्हणून तर आमी गाण्याच्या शेवटी आपलं नाव गोवतो. तुज्या साहेबांचं मन चांगलं असंल, पर नाव काढलं तर तीच मला तकलीफ हाय. रुक्माबाई, जवळा बाजार, असं बराबर लिहा म्हणावं. न्हाई तर गाणी परत द्या.

आणखी एक. तुज्या मायवरचं गाणं तेवढं पुसून टाक.

रुसून गं निघाली माझी भावजय शेवंता
नाक्याहून माघारी आली, टोपी इसरली म्हणता

शेवंता असताना मी हे म्हणलं की ती खुरपं टेकून गाण्यातच जवाब द्यायची आन् सारी पात माज्यावर हसायची. आता तिला जवाब देता येत न्हाई. मंग जगानं तिला काहून हसावं?

जीव लावतेस तसा लावत ऱ्हा.
तुजी आत्या

लाइपझिग,
२३ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,
सविनय जय भीम.

तुझं पत्र आमच्या प्रमुख बाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, की त्यांच्या देशात एके काळी नावांच्या याद्या करून माणसं उचलून नेली. त्यामुळे नाव झाकणं हीच त्यांना माया वाटते. तेच झाकणं दुसरीकडे घाव असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता गाणारीलाच विचारायचं ठरलंय. त्यांनी तुला धन्यवाद कळवलेत. तुझं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा मी उठून उभी राहिले.

माझे धन्यवाद वेगळे. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, पण तिची जागा कधी घेतली नाहीस. अजूनही तिच्या वतीनं बोलत नाहीस.

ते गाणं पुसलं, माझ्याकडचंही. मला कडेवर घेऊन निघालेली आई माझ्या टोपीचं निमित्त करून परत आली, एवढं मला पुरतं.

पुरतं म्हणते खरी. येत्या श्रावणात मी येतेय, तुझ्या शेजारी खुरपायला बसेन. फोन घरी ठेवीन. तेव्हा फक्त माझ्या कानाशी आईचा तो जवाब एकदा म्हणशील का? तो तिचा होता, तू म्हणणार नाहीस, हे ठाऊक आहे. तरी विचारते.

तुझी, शेवंताची शीतल