तळात भरलेलं पाणी

११ एप्रिल, शनिवार

आलो एकदाचा! तळ्याकाठची खोली झकास मिळालीय. खिडकी उघडली की समोर यार्ड, आणि ठोकळ्यांवर चढवलेल्या बोटींच्या रांगेत माझी बोट. जुनी घेतली असली तरी माझी. हिवाळाभर ताडपत्रीखाली झोपली होती. आज पांघरूण ओढलं, तर आत पालापाचोळा, उंदराचं घरटं आणि आधीच्या मालकाची एकच चप्पल. एवढीशी बोट सांभाळता येत नाही आणि निघाले तळं पालथं घालायला.

शेजारी दातांच्या डॉक्टरची बोट आहे. गृहस्थ सकाळपासून एकच दांडी पुसतोय, जणू तिची दाढ काढायचीय. मला म्हणाला, पहिलाच उन्हाळा ना, जपून. मी हसून हो म्हटलं. लोकांना हो म्हणावं आणि आपलंच करावं, याच जोरावर मी शून्यातून इथवर आलो.

पुढच्या रविवारी थोरली लेक येतेय, नातीला, भिंगरीला घेऊन. दोन वर्षं या ना त्या निमित्ताने टाळत होती. तिचं म्हणणं, बाबा, तुम्ही ह्यांचा पाणउतारा करता. जावईबापू पक्ष्यांवर निबंध लिहितात. त्याला मी काम म्हणत नाही, एवढंच. पण बोटीचं नाव काढल्यावर नात फोनवर नाचायलाच लागली आणि तिची आई विरघळली. तेव्हा रविवारी बोट पाण्यात उतरलीच पाहिजे. एकदा बेत मोडला की पुन्हा निमित्तं सुरू, आणि पोर मला विसरून जायची.

१३ एप्रिल, सोमवार

इंजिनाचं ऑइल बदललं. जुनं काळं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. प्लग नवे, फिल्टर नवा. पाण्याच्या पंपातल्या रबरी पंख्याच्या पाकळ्या झडल्या होत्या, तोही नवा बसवला. नळी जोडून इंजिन सुरू केलं आणि पहिल्याच आवाजात ओळखलं, एक सिलिंडर मागे पडतोय. वायर सैल होती. यार्डवाला बघत राहिला. माणूस आडव्या अंगाचा, तोंडात सदा काडी, काम सांगितलं की आधी बसून घेतो.

त्याला म्हटलं, उद्या तळ गळतो का ते बघू. तो म्हणाला, बघायचं काय त्यात, पाण्यात सोडा, गळला तर कळेल. वा रे कारागीर! आयुष्यभर मी पाण्याच्या टाक्या बांधल्या. टाकी तपासायला कोणी ती विहिरीत सोडत नाही. आत पाणी भरायचं आणि बाहेर ओल शोधायची. भोक दोन्हीकडून भोकच असतं.

१४ एप्रिल, मंगळवार

तळाचं बूच घट्ट बसवलं आणि तळ्यात पंप टाकून बोटीच्या पोटात पाणी सोडलं. यार्डवाला धावत आला (हा धावू शकतो हे आजच कळलं) आणि त्याने पंपच बंद केला. इथे असं कोणी करत नाही, म्हणे.

“पाण्याला बोटीचं आतलं दाखवायचं नसतं.”

का, ते विचारलं, तर ठाऊक नाही. बाप करायचा नाही म्हणून हा करत नाही. दातांच्या डॉक्टरनेही मान हलवली. एवढा शिकला, पण अक्कल या काडीवाल्याकडे गहाण टाकून बसलाय. मी हो हो म्हटलं आणि दोघांची पाठ वळताच पंप पुन्हा सुरू केला.

पाय ठेवायच्या फळ्यांपर्यंत भरली. बाहेर थेंब नाही. तसंच राहू दिलं.

१५ एप्रिल, बुधवार

सकाळी बूच काढलं. पाणी आलं नाही.

भोकात तार घातली, भोक मोकळं. वर चढून फळी उचलली, तर आत कोरडं ठणठणीत. ओल नाही, डाग नाही. उन्हाने आटलं म्हणावं तर हौदभर पाणी एका रात्रीत आटत नाही. यार्डवाल्याने चोरून उपसलं असणार. विचारलं, तर म्हणतो हातसुद्धा लावला नाही. म्हणताना दोन पावलं मागे सरकला. नाटकी.

दुपारी लाकडी हातोडीने बाहेरून तळ ठोकत गेलो. कुजलेली जागा बद्द बोलते. सगळा तळ खणखणीत वाजला. शेवटचा ठोका दिला, हात खाली घेतला, घाम पुसला. मग आतून एक ठोका आला.

प्रतिध्वनी घाम पुसायला थांबत नाही.

उंदीर असेल. घरटं होतंच.

१६ एप्रिल, गुरुवार

तळाला रंग दिला, बोटीच्या मागच्या पंख्याला ग्रीस लावलं. काम करताना पुटपुटायची मला सवय आहे. जावयाला मी मनात पाखरांचा कारकून म्हणतो, आज तोंडाने म्हटलं. रंगाचा हात फिरवतोय तोच तळाच्या आतून कोणीतरी घसा साफ केला. मग तेच शब्द. पाखरांचा कारकून. आवाज ओला होता, तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखा.

पण आवाज माझा होता.

यार्डवाल्यालाही ऐकू गेलं. तोंडातली काडी पडली त्याच्या. म्हणाला, बूच उघडं ठेवा आणि बोटीशी बोलू नका. मला अक्कल शिकवतोय. ब्रश धुतला नाही. तसाच टाकून खोलीवर आलो.

१७ एप्रिल, शुक्रवार

आवाज आता साफ झालाय. गुळणी गेली. माझी ठसक्याची खोडसुद्धा उचलली.

दोनदा फोन हातात घेतला. थोरलीला सांगणार काय? येऊ नका, बोट बोलते? जावई त्यावरही निबंध लिहील. आणि नुसतंच येऊ नका म्हटलं, तर ती पुन्हा येणार नाही. फोन ठेवला. उद्या दुकानातून करवत आणतो. तळ कापतो. बोट गेली खड्ड्यात, पोरींना जेवायला घालून परत पाठवीन.

संध्याकाळी लांबूनच ऐकलं. आत भिंगरीला हाक मारण्याचा सराव चाललाय. पुन्हा पुन्हा. मी इतक्या मऊपणे तिला कधी —

१८ एप्रिल, शनिवार

थोरली आजच आली. मला चकित करायचं म्हणून, एक दिवस आधी. मी दुकानात होतो.

गाडी फाटकाशी उभी आहे. रिकामी.

यार्डवाला सांगतो, म्हणे मीच बोटीतून त्यांना हाक मारली. या गं, वर या, शिडी लावलीय. त्याला वाटलं मी कधीच परतलो. तोही फसला. दोघी हसत वर चढल्या. डॉक्टरनेही पाहिलं. पाहिलं आणि दांडी पुसत राहिला, गाढव.

वर कोणी नाही. फळ्या जागच्या जागी. त्यांवर ओली पावलं, मोठी, शेजारी छोटी. मधल्या फळीपाशी संपतात. फळी निघत नाही. पहारीने निघत नाही.

करवतीचं पातं तळाला लागताच तुटलं. यार्डवाला दुसरी आणायला गेलाय. हात ठोकून ठोकून सोललेत — काहीतरी करायला हवं म्हणून लिहितोय — कान तळाला लावून —

भिंगरी हसतेय. आत. मजेत आहे.

माझा आवाज थोरलीशी बोलतोय. चुकलं माझं, पोरी, म्हणतोय. तुझ्या नवऱ्याला नको ते बोललो. मी असं कधीच — ती रडतेय. नाही, हसतेय. बाबा, एवढंच ऐकायचं होतं, म्हणतेय. अगं, तो मी नाही — मी इथे —

पुन्हा ठोकलं. सगळी ताकद लावून. ती थबकली. बाबा, खालून कोण ठोकतंय?

“कोणी नाही गं. लाटा आहेत.”

बोट ठोकळ्यांवर आहे. खाली कोरडी माती. पण आता मलाही ऐकू येतंय — पाणी — आणि इंजिन, आतच सुरू झालंय, सगळे सिलिंडर नीट — लांब जातंय — भिंगरीचा आवाज बारीक होत —