तिलकच्या निरोपाची तयारी

४ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, दोन महिने. फार तर तीन. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत.

तिलकसिरी बाहेर येऊन म्हणाला, "म्हणजे अक्का, तुला तयारीला भरपूर वेळ आहे!" मग गाड्यावर उभा राहून अख्खं शहाळं प्यायला.

धाकटा भाऊ आहे माझा. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता, मीच वाढवला. आणि बावीस वर्षं मी गावच्या मरणाधार समितीची चिटणीस आहे. गावात माणूस मरतं आणि मी खुर्च्या, कपबशा, पांढऱ्या पताका पाठवते. त्यामुळे रडारड वगैरे काही झाली नाही. केगल्लच्या दवाखान्यातून येताना बसला गर्दी होती. त्याला खिडकी मिळाली.

६ ऑगस्ट

सकाळी कोरा चहा घेताना म्हणाला, "वही आण. सांगतो तसं लिही."

लाउडस्पीकर नको. पेटी साधी. झाकणाला काच नको — "मी काय बेकरीतला केक आहे?" पताका आपल्या गल्लीत फक्त मोरीपर्यंत, हमरस्त्यावर नकोत, ड्रायव्हर लोक उगाच ब्रेक मारतात. (स्वतः तीस वर्षं बस चालवली.) विजेकोन महत्तयांचं भाषण पाच मिनिटं. महत्तया म्हणजे आमचे अध्यक्षसाहेब, त्यांना पेटी दिसली की बोलणं सुचतं. जाळायचं नाही, आईशेजारी पुरायचं.

"देह टिकायला औषध भरून ठेवायचं का?" मी विचारलं. हे मी सगळ्यांनाच विचारते.

"भर बाई. तुझे पाहुणे तीन दिवस येत राहणार."

९ ऑगस्ट

समितीची बैठक. चहाचा मोठा बंब गळतो आहे. उठताना विजेकोन म्हणाले, "टीचर, तुमच्या घरचं असेल तेव्हा नवा तंबू काढू हं." (शाळेत शिकवायचे तेव्हापासून गावाला मी टीचर.) मनापासून म्हणाले. मी आभार मानले.

१३ ऑगस्ट

"अजून एक लिही," तिलक म्हणाला. "पाणी ओतताना घागरीला यसवतीचा हात हवा."

भंतेंना पांढरं कापड दिल्यावर घागरीतलं पाणी वाटीत ओततात, वाटी भरून वाहू लागेपर्यंत. घरची माणसं मिळून घागर धरतात. घरची! यसवती त्याची बायको, पण अठरा वर्षांपूर्वी घर सोडून गेली. कागदावर अजून बायकोच आहे.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

१४ ऑगस्ट

लिहिलेलं नाही.

१९ ऑगस्ट

"तिला पत्र टाकलंस का?" — "टाकलं." — "उत्तर?" — "टपाल कसं चालतं ते तुला माहीत आहे ना?"

पेज अर्धी टाकली. रात्री खोकला फार.

२४ ऑगस्ट

पोडिमेणिके गेली, वय एक्याण्णव. व्यवस्था चोख झाली. रिवाजाप्रमाणे भिंतीवरचे फोटो उलटे करायला घरचे विसरले होते, ते मी केले. पाणी ओतताना मुली, सुना, नातवंडं — इतके हात की घागर दिसेना.

परत येताना हिशेब केला. तिलकच्या घागरीला कोण? मी. बास. एकटीला उचलेल तेवढीच असते ती, वजनाचा प्रश्न नाही. पण बरं दिसत नाही.

२८ ऑगस्ट

त्याला सांगितलं, समित्यांचं संमेलन आहे, उद्या जाते, परवा येते. "कुठे?" "लांब." जास्त विचारलं नाही. शेजारच्या कुसुमाला पेज आणि औषधं समजावून दिली.

३० ऑगस्ट

काल तंगल्लला गेले, यसवतीकडे. कोलंबोला बस बदलून पोचायला दुपार झाली. यसवतीचं भात-कालवणाचं दुकान बसथांब्याच्या मागेच आहे. दारात बसून मासे कापत होती. केस पांढरे झालेत. मान वर न करता म्हणाली,

"ये अक्का. मेला का?"

"नाही. महिना-दोन महिने आहेत म्हणतात."

"मग कशाला आलीस?"

बैठकीत सांगते तसं सगळं क्रमानं सांगितलं. दुखणं, डॉक्टर, त्याची यादी, घागर. तिनं ऐकून घेतलं. सुरी थांबली नाही.

"म्हणजे मेलेल्या माणसासाठी मी एवढ्या लांब यायचं. घागरीला हात लावायला."

"त्याची इच्छा आहे."

"आणि तुझी?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग सुरी बाजूला ठेवून तिनं विचारलं, "केस होते का तिला?"

कोणाला ते लगेच कळलं. एकदा लिहून टाकते.

अठरा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली, मेलेलीच. हिला ताप चढला होता, शुद्ध नव्हती. तिलक बस घेऊन जाफन्याच्या बाजूला गेलेला. बाळ दवाखान्यातून माझ्या हातात दिलं. समितीचा नियम असा की ज्यानं श्वासच घेतला नाही त्याला पताका नाहीत, खुर्च्या नाहीत, भंते नाहीत. मी ते पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं आणि त्याच दुपारी रबराच्या मळ्याच्या कडेला पुरून आले. दोन दिवसांनी ही शुद्धीवर आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. मला वाटलं, तोंड पाहिलं नाही तर विसरायला सोपं जाईल. पुढं पुष्कळ बायकांना मी हेच सांगितलं. ही चार महिन्यांनी निघून गेली. जाताना तिलकशी भांडली नाही. माझ्याशीही नाही.

"होते," मी म्हटलं. "भरपूर. काळेभोर."

ती उठली, हात धुतले. बराच वेळ धूत होती. मग मला भात वाढला, गोरका घातलेला आंबट मासा वाढला. समोर बसून राहिली.

"मयताला मी येणार नाही, अक्का. मेल्यावर त्याला काय कळणार? यायचं तर आत्ता येईन. शेजारणीला दुकान सांगते, चार दिवस दे."

३ सप्टेंबर

आली. तिलक ओसरीवर आरामखुर्चीत होता. एक पिशवी, एक छत्री घेऊन ती पायरीशी उभी राहिली.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"बस उशिरा सुटली," ती म्हणाली.

दोघंही हसायला लागले. मग त्याला खोकला आला आणि तिनं पाठ धरली. मी चहा टाकायला आत गेले. साखर कुठे ठेवते ते आठवेना.

५ सप्टेंबर

जागा दाखव म्हणाली. मळ्याच्या कडेला फणसाखाली घेऊन गेले. भोवती गुडघाभर रान, मधे हातभर जमीन साफ.

दरवर्षी एकदा जाऊन मी तिथलं गवत काढते. हे कोणाला सांगितलेलं नाही. या वहीतही आजवर लिहिलेलं नाही.

यसवतीनं जमीन पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर चिखलात माझा पाय घसरला तेव्हा दंडाला धरलं.

६ सप्टेंबर

"तिचं पाणी ओतणं आता नाही का करता येणार?" तिनं विचारलं. तिलक माझ्याकडे बघत होता.

नियमांची वही काढून पाहिली. अठरा वर्षांनंतरचं काही लिहिलेलं नाही. विहारात जाऊन थोरल्या भंतेंना विचारलं. म्हणाले, "गेलेल्याला पुण्य द्यायला तारीख लागत नाही, टीचर."

विजेकोन मात्र उखडले. "उद्या गावातली प्रत्येक बाई येईल! पायंडा पडेल!"

"पडू दे," मी म्हटलं. बावीस वर्षांत त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांची कवळी हलली.

११ सप्टेंबर

झालं. तीन भंते. तिलकसाठी एक खुर्ची. पांढऱ्या पताका फणसापासून मळ्याच्या फाटकापर्यंत — त्यानंच दोरी मोजून दिली. कुसुमा आली. आणि न बोलावता आणखी सात बायका आल्या. त्यातल्या पाच जणींची बाळं मीच पुरली आहेत. मागे उभ्या राहिल्या.

नाव काय घ्यायचं, भंतेंनी विचारलं. यसवती लगेच म्हणाली, "सुरंगा." अठरा वर्षं तिच्याजवळ नाव होतं! तिलकलाही माहीत नव्हतं.

घागर दोघांनी धरली. मी तीन पावलं लांब, चिटणीस उभी राहते तिथे.

"तू पुरलंस ना?" यसवती मागे न बघता म्हणाली. "मग धर."

धरली. वाटी भरली, वाहिली, खालच्या बशीत पाणी सांडलं. मागच्या बायकांपैकी कोणीतरी हुंदका दिला. मी बंबाखालची शेगडी बंद केली की नाही याचाच विचार करत होते.

१२ सप्टेंबर

शेगडी बंद केलेली होती.

१८ सप्टेंबर

ती त्याला तंगल्लला घेऊन जाते आहे. "समुद्राची हवा बरी," म्हणाली. "आणि दुकान किती दिवस सोडू?" मी म्हटलं, प्रवास झेपणार नाही. तिलक म्हणाला, "बस मी नाही ना चालवत!" शर्ट त्यानं स्वतः घातला.

यादी मी यसवतीच्या हातात दिली. तिकडच्या समितीची चौकशी करून ठेवली. बरी आहे म्हणतात. चिटणीस पुरुष आहे.

फाटकापर्यंत गेले. परत येऊन त्याच्या खोलीतल्या उशा उन्हात टाकल्या.

५ ऑक्टोबर

दोन महिने झाले. फोन केला. यसवती म्हणाली, "मासा खातो, काटे काढून द्यावे लागतात. गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. भाताला जास्त पैसे सांगतो!"

एकटीचा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो.

६ नोव्हेंबर

तीन महिनेही झाले. डॉक्टर चुकले. तिलक फोनवर म्हणाला, "अक्का, विजेकोनला सांग, भाषण अजून पाठ करत बस." मागून ती म्हणाली, "अक्काला म्हणावं नाताळच्या सुट्टीत ये. सुट्टी नसली तरी ये."

जाईन म्हणते. तिच्यासाठी माडाचा गूळ न्यायचा आहे, तिकडचा चांगला नसतो म्हणाली.

२७ नोव्हेंबर

पहाटे फोन वाजला. कळलंच. आधी कपाटातून पांढरी साडी काढून खाटेवर ठेवली. मग उचलला.

पलीकडे तिलकच होता.

"अक्का, यसवती उठत नाहीये गं. मी केव्हाचा हाका मारतोय. मला यातलं काही येत नाही. तू ये."