मधल्या रेघेच्या अलीकडे

१२ सप्टेंबर, गुरुवार

मार्लिस! एकटी मार्लिस!

पोस्टातून येताना शाळेपुढच्या फलकाकडे सहज मान वळली. 'होमकमिंग - माजी विद्यार्थ्यांचा मेळावा - ४ ऑक्टोबर. यंदाचा जीवनगौरव - मार्लिस हॅवरकँप, १९७१ची बॅच.' खाली फुटबॉलचा सामना कुणाशी ते. मी गाडी कडेला घेतली आणि पुन्हा वाचलं. दुसरं नाव नव्हतं.

शाळेत असताना डी मॉइनच्या बास्केटबॉल राज्यस्पर्धेहून परत येताना, बसच्या मागच्या बाकावर, कुडकुडत, एका कोटात दोघी. राज्यात तिसऱ्या आलो होतो. ती म्हणाली होती, 'आपलं नाव कधी शाळेच्या भिंतीवर लागलंच ना, तर दोघींचं एकदम. नाहीतर कुणाचंच नाही.' पोरवयातलं बोलणं म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण शाळेनं हा सन्मान सुरू केला तेव्हा तिनंच मुद्दाम फोनवर आठवण करून दिली - 'ठरलंय ते विसरली नाहीस ना?' म्हणजे मीच एकटी उराशी धरून बसले होते असं नाही.

घरी येऊन नवऱ्याला, वर्लिनला सांगितलं. तो कॉफी ओतत होता. म्हणाला, 'तुला नवल वाटतंय? ती जन्मभर बास्केटकडेच बघत आली. बॉल कुणी दिला हे तिनं कधी वळून पाहिलंय का?'

एरवी मी मार्लिसची बाजू घेतली असती. आज घेतली नाही.

१३ सप्टेंबर

तिचा फोन नाही. मीही केला नाही. का करू?

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफी. ज्याच्या त्याच्या तोंडी मार्लिस. विल्मानं विचारलं, स्टेजवर तिची ओळख तूच करून देणार ना? मी म्हटलं, अजून ठरायचंय. खोटं! मला कुणी विचारलंही नाही.

शाळेच्या कचेरीतली केंड्रा, सन्मानाच्या समितीचं सगळं तीच बघते, पोराला कडेवर घेऊन आली. माझा हात दाबला आणि म्हणाली, 'तुम्ही खरंच मोठ्या मनाच्या आहात.' तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कीव नको होती. हात सोडवून घेतला आणि उगाचच भांडी विसळायला गेले.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज नातीचा खेळ बघायला जिममध्ये गेले होते. हल्लीच्या मुली अख्ख्या मैदानावर धावतात. आमच्या वेळी आयोवात मुलींचा बास्केटबॉल वेगळा होता. मधे एक रेघ. सहा जणींतल्या तीन फॉरवर्ड रेघेच्या पलीकडे, तीन गार्ड अलीकडे. रेघ ओलांडायची नाही. गार्डनं आयुष्यात बास्केटमध्ये बॉल टाकायचा नाही. समोरच्या फॉरवर्डच्या अंगाला चिकटून राहायचं, तिच्या हातून बॉल काढायचा आणि रेघेपलीकडे फेकायचा. पुढचं बघत उभं राहायचं.

मार्लिस फॉरवर्ड, मी गार्ड. माझ्या चार वर्षांतले गुण - शून्य. वर्लिन पाहुण्यांना हे हमखास सांगतो. 'माझी बायको राज्यात तिसरी आली, एकही गुण न करता.' सगळे हसतात, मीही हसते.

पण मार्लिसच्या प्रत्येक बास्केटमागे कुणाचा तरी हात होता आणि बहुतेक वेळा तो माझा होता. हे ती जाणत होती. बॉल हातातून सुटला की बास्केटकडे बघायच्या आधी ती एक बोट माझ्याकडे रोखायची. तो आमचा रिवाज होता.

नंतर ती बाहेर गेली, कॉलेजच्या मुलींची कोच झाली, नाव कमावलं. मी इथेच राहिले. गावाची अँब्युलन्स मी उभी केली. शेतकरी, दुकानदार, पाद्री, ज्याला त्याला शिकवून स्वयंसेवक तयार केले आणि गुडघे जाईपर्यंत ती चालवली. कितीतरी माणसं आज या गावात फिरतायत ती आमच्या गाडीतून गेली म्हणून. भिंतीवरच्या सन्मानासाठी शाळा हे सगळं धरते - 'समाजसेवा' असा वेगळा रकानाच आहे.

लिहूनच टाकते. मला हवं होतं. पार मनापासून हवं होतं. मिरवणुकीत उघड्या गाडीत बसायचं होतं, मार्लिसशेजारी, मूर्खासारखा हात हलवत. एकाहत्तराव्या वर्षी हे कबूल करायची लाज वाटते.

१९ सप्टेंबर

वर्लिननं न सांगता भांडी घासली. मी विचारलं, बरं वाटत नाही का?

२२ सप्टेंबर, रविवार

मार्लिसचा फोन आला. अखेर!

मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तिनं बोलावं, निदान एवढं तरी म्हणावं की आर्डिथ, मला चुकल्यासारखं वाटतंय. तर ती हवापाण्यावर बोलली, बहिणीच्या मोतीबिंदूवर बोलली. मग म्हणाली, 'चार तारखेला यायचं की नाही ते तू ठरव. मी यापुढे काही म्हणणार नाही.'

काय तो आवाज! जणू उपकारच! मी म्हटलं, 'बघते.' ती म्हणाली, 'बघ.' फोन ठेवला.

हिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या घरी बसून होते. हिला सामने होते. तेव्हा हिचा आवाज असा नव्हता.

तावातावानं कणकेचे गोळे आपटत बसले. वर्लिन दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, 'होमकमिंगला आपण इथे थांबूच नये. मिनेसोटाला भावाकडे जाऊ. मासे पकडू. तुला कशाला तो मनस्ताप?' मासेमारीला बायको नको म्हणणारा हा माणूस! खरंच, वाईट दिवसांत कोण आपलं ते कळतं. रडू आलं. त्यानं पाठीवर हात ठेवला.

२५ सप्टेंबर

वर्लिननं भावाला कळवूनही टाकलं. जायचं म्हणावं का?

२९ सप्टेंबर, रविवार

नाही जाणार. पळून कशाला जाऊ? मी काय चोरी केली आहे? समोरच्या रांगेत बसणार आणि तिनं माझ्या डोळ्याला डोळा भिडवून तो सन्मानाचा फलक घ्यावा.

वर्लिन चिडला. म्हणाला, या सन्मानबिन्मानात काही अर्थ नसतो, ओळखीपाळखीवर चालतं. तो स्वतः कुस्तीत राज्यात दोनदा दुसरा आला होता, भिंतीवर त्याचं नाव नाही, त्याचं काही अडलंय का? मी म्हटलं, तुझं नसेल, माझं अडलंय. तो ताट सरकवून उठला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले. निळा कोट घातला. वर्लिन आला, पण मागे दाराशी उभा राहिला.

मिरवणूक रस्त्यावरून पाहिली. मार्लिस उघड्या गाडीत, शेजारची जागा रिकामी. दोघांची ऐसपैस सीट आणि ही मधोमध न बसता एका कडेला. मला बघून तिचा हात अर्धवट वर आला आणि तसाच खाली गेला.

जिममध्ये सगळी शाळा. हेडमास्तरांनी तिचे गुण वाचून दाखवले, टाळ्या. ती माइकपाशी आली. म्हातारी दिसली. आता म्हणेल, निदान नाव तरी घेईल.

म्हणाली, 'या स्टेजवर माझ्यासोबत आणखी कुणीतरी असायला हवं होतं. तिला इथे यायचं नव्हतं. मी त्याचा मान राखते. पण खरं सांगायचं तर मला ते लागलंय.'

तिला लागलंय! मला यायचं नव्हतं! साऱ्या गावासमोर, तोंड वर करून! स्वतः एकटीनं घ्यायचं आणि वर मलाच तोंडघशी पाडायचं! समोरच्या बाकावरची विल्मा वळून माझ्याकडे बघत होती. मी उठले. टाळ्या चालू असतानाच बाहेर पडले. गाडीत बसून हुंदके देऊन रडले. वर्लिन गाडी चालवत राहिला, एक शब्द बोलला नाही. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले.

एवढ्या वर्षांची मैत्री संपली.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मार्लिसची गाडी दारात. मी पडद्याआडून पाहिलं. वर्लिनच बाहेर गेला. दोघं फाटकाशी बोलली, ती घराकडे बघत होती. मग गेली.

'काय म्हणाली?' 'काही नाही. घाईत होती.'

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या दारात केंड्रानं गाठलं. 'पुढच्या वर्षी तरी नाही म्हणू नका हं. यंदा आम्ही तुम्हा दोघींनाच निवडलं होतं. मार्लिस तर अडूनच बसल्या होत्या, आर्डिथशिवाय येणार नाही म्हणून. तुमचा निरोप मिळाला तेव्हा कुठे तयार झाल्या.' मी विचारलं, कसला निरोप? ती म्हणाली, 'मी ऑगस्टमध्ये घरी फोन केला होता ना, तेव्हा वर्लिन म्हणाले. तुम्हाला असलं काही आवडत नाही, आणि मार्लिसनं एकटीनं घ्यावं अशी तुमचीच इच्छा आहे.'

वर्लिन माझ्या शेजारी उभा होता. माझा कोट त्याच्या हातात होता. तो मला घालायला पुढे करत होता.

मी त्याला विचारलं, का?

म्हणाला, 'त्या भिंतीसाठी मला त्यांनी एकदाही विचारलं नाही, आर्डिथ.'

मार्लिस तिच्या बहिणीकडे उतरली आहे, तिथे बसून लिहिते आहे. कोट वर्लिनच्या हातातच राहिला.