डांगरी नंबर ३१८

१४ मे १९४५
आज साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं — या लॉन्ड्रीत लोरेनाइतके तिखट कान कुणाचे नाहीत! मोजणीच्या डब्यावरचा काटा हलायच्या आधी मला त्याची टिकटिक कळते.

काम सोपं आहे. कामगाराची धुतलेली डांगरी, म्हणजे त्याचा नंबर घातलेला अंगभर कामाचा पोशाख, त्या डब्यासमोर धरायची. टिकटिक वाढली की परत धुवायची, तिसऱ्यांदाही वाढली तर वहीत नंबर लिहून पुरायला पाठवायची. कसली टिकटिक, ते विचारायचं नाही. या कारखान्यात काय बनतं ते माझ्या नवऱ्याला, डेललासुद्धा ठाऊक नाही, आणि तो तर आतल्या बंद इमारतीत मुकादम आहे. लढाई लवकर संपवणारं काहीतरी, एवढंच.

१९ मे
वारा. घरभर वाळू. जेवणातही.

२५ मे
३१८ नंबर या महिन्यात तिसऱ्यांदा वहीत गेला. हा डेलच्या बिल्ल्यावरचा नंबर!

एकाच नंबरचं महिन्यात तीनदा झालं की दवाखान्याला चिठ्ठी, आणि माणूस आतून बाहेर. डेलचा त्या जागेवर किती जीव! घरी बोलले तर दोघांची नोकरी जाईल, हे घरही. शेवटी चिठ्ठी लिहिली. नवरा असला तरी नंबर तो नंबर.

२८ मे
डॉक्टरांनी डेलला नखशिखांत तपासलं. काही निघालं नाही, तरी त्याला बसवर ड्रायव्हर केलं. मुकादमी त्याच्या कामावरच्या जोडीदाराला, एमेटला दिली. "कुणीतरी चुगली केली," म्हणाला. मी बटाटे वाढत राहिले. वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. त्याला मी वाचवलं होतं.

७ ऑगस्ट
कळलं! बॉम्ब! एका बॉम्बने जपानातलं अख्खं शहर गेलं. गावभर भोंगे वाजले, शेजारीण रडली, मीही. त्या शहरातल्या बायका क्षणभर मनात आल्या. मग डेल म्हणाला, "यात आपला हात आहे, लोरेना," आणि छाती भरून आली. माझे कानही त्यात आहेत!

१९ ऑगस्ट
आज न राहवून डेलला सांगितलं — चिठ्ठी माझी होती. रागावेल वाटलं होतं. तो हसला.

"मे महिन्यात? अगं, तेव्हा एमेटच्या मापाच्या डांगऱ्या संपल्या होत्या. महिनाभर माझ्याच डांगऱ्या अंगात घालून फिरत होता तो."

एमेट अजून आतच आहे. त्याला कुणीच तपासलेलं नाही.